जुनी छायाचित्रे, कागदपत्रे आणि पिढीजात वस्तू : कुटुंबाचा इतिहास कसा जपावा

कुटुंबाचा इतिहास जपायचे ठरले की बहुतेक जण आधी स्कॅनर शोधू लागतात किंवा चांगल्या अल्बमची चौकशी करतात. ही कामे करायचीच आहेत, पण त्यांचा क्रम नंतरचा आहे. बऱ्या परिस्थितीत ठेवलेले कृष्णधवल छायाचित्र शंभर वर्षे सहज टिकते. त्यातले चेहरे ओळखणारी व्यक्ती मात्र आजच ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची असते. ज्या छायाचित्रावर नाव नाही आणि ज्याच्याविषयी सांगणारेही कोणी उरलेले नाही, ते कितीही सुस्थितीत असले तरी कुटुंबाला त्याचा फारसा उपयोग उरत नाही. म्हणून आधी माहिती गोळा करावी, ती त्या त्या वस्तूशी पक्की जोडावी, मग वस्तूंची साठवण सुधारावी आणि त्यानंतर स्कॅनिंगकडे वळावे. काही प्रकारचे फिल्म, रंगीत छायाचित्रे आणि ध्वनिचित्रफिती एवढ्यांच्याच बाबतीत हा क्रम मोडावा लागतो. त्यांची कारणे पुढे येतील.

विचारणे आणि नोंदवणे

घरातील ज्येष्ठांसमोर सगळा गठ्ठा एकदम ठेवू नये. एका बैठकीत वीस-पंचवीस छायाचित्रे पुरेशी असतात. त्याहून अधिक दाखवली तर उत्तरे आखूड होत जातात आणि केवळ नावांची यादी हाती लागते. प्रत्येक छायाचित्राला आधीच क्रमांक द्यावा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि प्रत्येक छायाचित्र हातात देताना त्याचा क्रमांक मोठ्याने उच्चारावा. ही सवय लावून घेतली नाही तर काही महिन्यांनी ध्वनिमुद्रण ऐकताना "हा उजवीकडचा कोण, हे तर तुला ठाऊकच आहे" हे वाक्य नेमके कोणत्या छायाचित्राविषयी आहे, ते कळण्याचा कोणताही मार्ग राहत नाही.

"हे कोण?" हा प्रश्न आवश्यक असला तरी तेवढ्यावर थांबू नये. छायाचित्र कोणी काढले असेल, त्या दिवशी सगळे कशासाठी जमले होते, मागे दिसणारे घर कोणाचे, या प्रसंगी असायला हवे होते पण दिसत नाही असे कोण, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरे अनेकदा सर्वांत मोलाची असतात, कारण त्यांतून स्थलांतर, आजारपण, दुरावा किंवा मृत्यू यांचे काळ निश्चित करता येतात. शक्य असल्यास तीच छायाचित्रे दोन नातेवाइकांना स्वतंत्रपणे दाखवावीत. एकत्र बसवल्यास जो अधिक ठामपणे बोलतो त्याचेच म्हणणे दुसरा मान्य करतो. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवावीत आणि निवाडा करण्याची घाई करू नये.

नोंद करताना तीन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नये : छायाचित्रावर मुळात लिहिलेले काय आहे, कोणी तोंडी सांगितलेले काय आहे, आणि आपण स्वतः काढलेला निष्कर्ष कोणता आहे. "१९५२ चा सुमार, आत्याच्या सांगण्यावरून" आणि "१९५२, मागील शिक्क्यावरून" या दोन नोंदींचे वजन वेगळे आहे; नुसते "१९५२" असे लिहिल्यास तो भेद कायमचा पुसला जातो. सांगणाऱ्याचे नाव आणि सांगितल्याची तारीख यांना नोंदीत जागा हवीच.

ओळी लिहिताना नात्यांऐवजी पूर्ण नावे लिहावीत. आपल्या दृष्टीने जी आजी आहे ती पुढच्या पिढीची पणजी असते, आणि आपण हयात नसताना "आजी आणि दादा, नव्या घरासमोर" ही ओळ वाचणाऱ्याला त्यातून काहीच उलगडत नाही. विवाहानंतर नाव बदललेल्या व्यक्तींची दोन्ही नावे लिहावीत, कारण जुन्या कागदांत त्यांचा शोध पूर्वीच्या नावानेच लागतो. समूहछायाचित्रात डावीकडून उजवीकडे, ओळीवार लिहावे आणि अनोळखी व्यक्तीची जागा वगळू नये. तेथे "अनोळखी" असे नमूद करावे, नाहीतर पुढची सगळी नावे एकेक घर सरकतात.

छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने कधीही लिहू नये. टोकाच्या दाबाने पुढच्या बाजूस वळ उमटतात आणि शाई कालांतराने पाझरते. जुन्या कागदी छायाचित्रांवर मऊ पेन्सिलने, कडेजवळ, कठीण सपाट पृष्ठावर ठेवून हलक्या हाताने क्रमांक लिहावा. साधारण १९७० नंतरच्या प्लास्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही. तेथे माहिती पाकिटावर लिहावी, आणि लिहून झाल्यावरच छायाचित्र आत सरकवावे. सविस्तर मजकूर वहीत किंवा संगणकावरील तक्त्यात ठेवावा. वस्तू आणि मजकूर यांना जोडणारा दुवा म्हणजे क्रमांक, त्यामुळे क्रमांकांची पद्धत साधी असावी आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा बदलू नये.

आणखी एक काळजी अगदी प्रारंभी घ्यावी. जुना अल्बम किंवा पत्रांचा बांधलेला गठ्ठा सोडवण्यापूर्वी तो जसा आहे तसा, पानापानाने, मोबाइलवर टिपून घ्यावा. कोणते पत्र कशाखाली होते, कोणत्या दोन छायाचित्रांना एका पानावर जागा मिळाली होती, हाही पुरावाच असतो. नावांशिवायच्या एखाद्या चेहऱ्याची ओळख पटते ती बहुधा शेजारच्या छायाचित्रातील तेच अंगण किंवा तीच खुर्ची पाहून.

छायाचित्राचा काळ ओळखणे

तारीख लिहिलेली नसेल तर छायाचित्राचे तंत्रच त्याची कालमर्यादा सांगते. आरशासारखी चकाकणारी, विशिष्ट कोनातूनच दिसणारी, काचेखाली पेटीत बसवलेली प्रतिमा डागेरोटाइपची असते. हे तंत्र १८३९ मध्ये जाहीर झाले आणि १८६० च्या सुमारास मागे पडले. तिची काच घरी उघडू नये, कारण बोटाच्या किंवा कापडाच्या एका स्पर्शानेही प्रतिमा कायमची खरवडली जाते. लोखंडी पत्र्यावरील टिनटाइप १८५६ पासून पुढची, आणि चुंबक जवळ नेला की ती लगेच ओळखू येते. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, फिकट भाग पिवळसर झालेले तपकिरी छायाचित्र हे बहुधा अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर वापरून केलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रकार सर्वाधिक प्रचलित होता. पुठ्ठ्याचे आकारमानही उपयोगी पडते. सुमारे ६ बाय १० सेंटिमीटरचे छोटे कार्ड १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीचे, तर सुमारे ११ बाय १६.५ सेंटिमीटरचे मोठे कार्ड १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रूढ झाले.

विसाव्या शतकात रंगीत फिल्मवरून अंदाज बांधता येतो : कोडॅक्रोम १९३५ मध्ये आले आणि कागदावर रंगीत प्रती देणारे कोडॅकलर १९४२ मध्ये. हे सर्व पुरावे मात्र "याआधीचे नाही" एवढेच खात्रीने सांगतात. जुन्या छायाचित्राची नंतर काढलेली प्रत घराघरांत असते, आणि पोशाखावरून काळ ठरवताना तर अधिकच सावध राहावे, कारण ठेवणीतले कपडे वर्षानुवर्षे वापरले जातात. लहान मुलांची वये हा त्याहून भरवशाचा आधार आहे. दोन भावंडांच्या जन्मतारखा ठाऊक असतील आणि धाकटे जेमतेम उभे राहिलेले दिसत असेल, तर छायाचित्राचे वर्ष बऱ्यापैकी नेमके सांगता येते.

साठवण

कागद आणि छायाचित्रे यांची हानी प्रामुख्याने प्रकाश, उष्णता, दमट हवा आणि आम्ल यांमुळे होते, आणि तिचा वेग बहुतांशी जागेवर अवलंबून असतो. छताखालचा माळा फार तापतो, तळघर दमट असते, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्या भिंतींना ओल असते. घराच्या आतल्या भागातील, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले, जमिनीपासून थोडे उंच असलेले कपाट हे सामान्य घरातील सर्वांत चांगले ठिकाण होय. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम. ती ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीचा धोका वाढतो. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र कपाटात ठेवावे, म्हणजे अंदाजावर विसंबावे लागत नाही. तापमान जितके कमी तितके चांगले, परंतु त्यात सतत मोठे चढउतार होण्यापेक्षा ते स्थिर असणे श्रेयस्कर.

पाकिटे आणि खोकी आम्लरहित व लिग्निनरहित (लिग्निन म्हणजे लाकडातील, कागद पिवळा पाडणारे द्रव्य) कागदाची असावीत. छायाचित्रांसाठीच्या सामग्रीवर "फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट" ही, सामग्री छायाचित्राला अपाय करते का हे तपासणारी चाचणी उत्तीर्ण झाल्याची नोंद आहे का, ते पाहावे. नुसता "आम्लरहित" हा शब्द पुरेसा नाही. प्लास्टिकपैकी पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन चालतात. तीव्र वास येणारे मऊ पीव्हीसी कधीही वापरू नये, कारण त्यातून निघणारी द्रव्ये छायाचित्राला चिकटतात आणि त्याची झीज करतात.

ज्या अल्बमांची पाने चिकट असतात आणि वर पारदर्शक झाकण असते, ते विशेष घातक आहेत. त्यांचा गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि पक्का होतो. अशा पानावरून छायाचित्र काढण्यासाठी दात स्वच्छ करण्याचा मेण नसलेला धागा त्याच्या मागून, करवतीसारखा, हळूहळू सरकवावा. जराही अडले किंवा छायाचित्र वाकू लागले तर थांबावे आणि पानासकट स्कॅन करून घ्यावे. चौकटीच्या काचेला चिकटलेल्या छायाचित्रालाही हाच नियम लागू आहे : ते ओढू नये, काचेतूनच त्याची प्रत घ्यावी आणि बाकीचे काम संवर्धकावर, म्हणजे जुन्या वस्तूंची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञावर, सोपवावे. ओढल्यावर प्रतिमेचा थर काचेवरच राहतो आणि तो परत बसवता येत नाही.

मोडतोड झालेल्या कागदाला पारदर्शक चिकटपट्टी लावणे आणि महत्त्वाचा कागद लॅमिनेट करणे, ही दोन कामे चांगल्या हेतूने केली जातात आणि सर्वाधिक नुकसान करतात. चिकटपट्टीचा गोंद तंतूंत मुरून तपकिरी डाग पाडतो. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि गोंद यांमुळे कागद प्लास्टिकशी एकजीव होतो. फाटलेले तुकडे पॉलिएस्टरच्या पाकिटात एकमेकांशेजारी मांडून ठेवले तरी पुरेसे होते. टाचण्या, क्लिपा आणि रबरबँड मात्र जपून काढून टाकावेत.

फिल्मच्या बाबतीत क्रम बदलावा लागतो. १९५१ पूर्वीच्या फिल्मपैकी काही नायट्रेट या जुन्या प्लास्टिकच्या असतात आणि त्या ज्वलनशील आहेत. कडेवर "सेफ्टी" हा शब्द असेल तर ती नायट्रेट नव्हे. अ‍ॅसिटेट या दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकच्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर तिचे विघटन सुरू झाले आहे असे समजावे. ते थांबवता येत नाही, थंड जागेत ठेवून केवळ मंदावता येते, आणि तिच्या वाफांनी शेजारची फिल्मही बिघडते. अशी फिल्म ताबडतोब वेगळी करावी आणि तिचे डिजिटायझेशन सर्वांआधी करावे. रंगीत छायाचित्रांची अडचण निराळी आहे. १९५० ते १९७० च्या दशकांतील बऱ्याच रंगीत प्रतींचे रंग अंधारातही विटतात, त्यामुळे घरातील शतकभर जुन्या कृष्णधवल छायाचित्रांपेक्षा पन्नास वर्षांपूर्वीची रंगीत छायाचित्रे आधी स्कॅन करणे शहाणपणाचे ठरते. ध्वनिफिती आणि व्हिडिओ कॅसेट यांनाही प्राधान्य द्यावे. चुंबकीय थर झिजतो, शिवाय ती वाजवणारी यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत आणि व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन २०१६ मध्येच थांबले.

कागदपत्रे वाचताना

जन्ममृत्यूच्या नोंदी, विवाहाचे दाखले, शाळा सोडल्याची प्रमाणपत्रे, जमिनीचे व्यवहार, नोकरीची पत्रे, पारपत्रे, इच्छापत्रे ही सारी कागदपत्रे आपल्याला अंतिम सत्य वाटतात, कारण त्यांवर शिक्का असतो. प्रत्यक्षात प्रत्येक नोंद कोणीतरी सांगितलेल्या माहितीवर उभी असते. मृत्यूच्या दाखल्यातील मृत्यूची तारीख विश्वसनीय असते, कारण ती घटनेनंतर लगेच नोंदवली जाते. परंतु त्याच दाखल्यातील जन्मतारीख किंवा वय मुलाने, जावयाने वा शेजाऱ्याने सांगितलेले असते, आणि सांगणारा त्या जन्माच्या वेळी जगातही नसतो. म्हणून प्रत्येक कागदातील प्रत्येक विधानापुढे दोन प्रश्न लिहावेत : हे कोणी सांगितले, आणि घटनेनंतर किती काळाने सांगितले. दोन कागदांत वयाचा फरक आढळल्यास या प्रश्नांच्या उत्तरांवरून सहसा मार्ग निघतो. मला हा भाग या संपूर्ण कामातील सर्वांत आनंददायी वाटतो, कारण येथे जपणूक आणि संशोधन यांच्यातील सीमा राहत नाही.

उतारा करताना मूळ लेखन जसेच्या तसे उतरवावे. लेखनिकाने आडनाव चुकीचे लिहिले असेल तर तेही तसेच ठेवावे, कारण त्याच चुकीच्या रूपाखाली दुसरा कागद सापडू शकतो. न लागलेल्या अक्षरांच्या जागी अंदाजाने शब्द न भरता चौकटी कंस घालावा. जुन्या तारखा वेगळ्या कालगणनेत असतील तर मूळ तारीख आधी आणि रूपांतरित तारीख तिच्या शेजारी लिहावी.

माजूफळ व हिराकस यांच्यापासून केलेली जुनी काळपट तपकिरी शाई कागद कुरतडते. अशा पानांची घडी वारंवार उघडू-मिटू नये. वर्तमानपत्राच्या कात्रणांतील आम्ल शेजारच्या कागदाला डागाळते, तेव्हा त्यांची चांगल्या कागदावर प्रत काढून मूळ कात्रण स्वतंत्र पाकिटात ठेवावे. उष्णतेवर छापलेल्या पावत्यांचा मजकूर काही वर्षांत नाहीसा होतो, त्यांची प्रत लगेच घ्यावी.

वस्तू

पिढीजात वस्तूच्या बाबतीत पहिला नियम म्हणजे ती चकचकीत करण्याचा मोह आवरावा. घासल्याने धातूचा वरचा थर दरवेळी थोडा जातो, कोरलेली अक्षरे बोथट होतात आणि मुलामा दिलेल्या वस्तूचा मुलामाच उडतो. धातू हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत, कारण घामातील क्षारांचे ठसे उमटून राहतात; कागद आणि पुस्तके यांच्यासाठी मात्र स्वच्छ, कोरडे हात हातमोज्यांपेक्षा बरे, कारण जाड कापडातून पानाचा अंदाज येत नाही आणि ते फाटते. चांदी लोकर, रबर व फेल्ट यांच्या सान्निध्यात काळवंडते. अनेक वर्षे बंद असलेले घड्याळ जाणकाराने पाहिल्याशिवाय त्याला चावी देऊ नये.

वस्त्रे स्वच्छ असतील तरच ठेवावीत, आणि शक्य तेथे घडी न घालता आम्लरहित कागद गुंडाळलेल्या नळीवर गुंडाळावीत. घडी घालणे अपरिहार्य असेल तर घडीच्या आत कागदाची वळकटी ठेवावी आणि वर्षातून एकदा घड्यांच्या जागा बदलाव्यात. कसर लागल्याची शंका आल्यास साधे सुती वा लोकरी वस्त्र हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंश सेल्सियसला किमान एक आठवडा ठेवावे आणि पिशवी न उघडता घरच्या तापमानाला येऊ द्यावे. रंगवलेल्या, मणी जडवलेल्या किंवा अनेक पदार्थांच्या मिश्रणातून बनलेल्या वस्तूंवर हा उपाय करू नये. डांबरगोळ्या टाळाव्यात, त्यांच्या वाफा माणसांना अपायकारक असतात.

प्रत्येक वस्तूची सर्व बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे घ्यावीत आणि कारागिराच्या खुणा, दुरुस्त्या, कोरलेली अक्षरे जवळून टिपावीत. त्याखाली वस्तूचा प्रवास लिहावा : ती कोणी घेतली किंवा केली, कोणाकडून कोणाकडे गेली, कशासाठी वापरली जात होती. माझे स्पष्ट मत असे आहे, की टिकाऊ वस्तू वापरात राहावी. वापरल्याने ती थोडी झिजेल, पण तिच्याविषयी बोलले जाईल. वाटणी होण्यापूर्वी मात्र सगळ्या वस्तूंची एकत्र नोंद करावी आणि कोणती वस्तू कोणाकडे गेली ते त्या नोंदीत लिहून तिची प्रत प्रत्येक घरी द्यावी.

स्कॅनिंग आणि प्रती

सर्वसाधारण आकाराच्या छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय (दर इंचामागील ठिपक्यांची संख्या) पुरेसे आहे, छोट्या छायाचित्रांसाठी ते १२०० पर्यंत वाढवावे, आणि ३५ मिलिमीटर फिल्मसाठी ३००० ते ४००० ठेवावे. कृष्णधवल छायाचित्रही रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावे, म्हणजे कागदाचा रंग, डाग आणि शाईचे तपशील राहतात. कडा कापू नयेत, आणि पाठीवर काहीही असेल तर पाठही स्कॅन करावी. कागद आपोआप ओढणाऱ्या यंत्रात जुनी छायाचित्रे घालू नयेत. मूळ स्कॅन टिफ या, तपशील न गमावणाऱ्या फाइल-स्वरूपात ठेवून त्याला हात लावू नये; प्रतिमा उजळवणे, डाग काढणे, रंग भरणे हे सारे त्याच्या जेपेग प्रतीवर करावे आणि तसे फाइलच्या नावात नमूद करावे. संगणकाने भरलेले रंग हा केवळ अंदाज असतो, आणि नोंद नसेल तर पुढची पिढी तेच खरे समजते.

फाइलच्या नावात तोच क्रमांक यावा जो मूळ छायाचित्राच्या पाठीवर आहे. वर्णन फाइलच्या अंतर्गत माहितीतही भरावे, पण निरोप पाठवण्याच्या ॲपमधून जाताना प्रतिमा लहान होते आणि ही माहिती गळून पडते, म्हणून नातेवाइकांना छायाचित्रे दस्तऐवज म्हणून पाठवावीत. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. वर्षातून एकदा फाइली उघडून पाहाव्यात आणि काही वर्षांनी डिस्क बदलावी.

पाण्यात भिजलेली छायाचित्रे एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. ती स्वच्छ थंड पाण्यात धुऊन, प्रतिमेला स्पर्श न करता, तोंड वर करून सुटी सुटी वाळवावीत. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर मध्ये मेणकागद घालून गोठवावीत. काचेवरील प्रतिमा मात्र गोठवू नयेत.

संग्रहात दुखरे तपशीलही सापडतात : लपवलेला विवाह, दत्तकविधान, कारावास, मानसिक आजार. हयात व्यक्तींविषयीचे काहीही त्यांच्या संमतीविना इतरांना पाठवू नये. असे कागद नष्ट करण्याचा सल्ला मी देणार नाही. ते बंद पाकिटात ठेवून वर उघडण्याचे वर्ष आणि कारण लिहावे, म्हणजे निर्णय अशा कोणाच्या तरी हाती जाईल ज्याला त्याची झळ बसणार नाही.

शेवटी पहिल्या खोक्यात सर्वांत वर एक पत्र ठेवावे. त्यात क्रमांकांची पद्धत, वहीची जागा, डिजिटल प्रती कोठे आहेत, त्यांचे खाते कोणाच्या नावे आहे व दुसरे कोण ते उघडू शकते, आणि यापुढे संग्रह कोणी सांभाळायचा हे लिहावे. कुटुंबात कोणी तयार नसल्यास एखाद्या सार्वजनिक अभिलेखागाराला वा ग्रंथालयाला आधीच विचारावे आणि त्यांचे उत्तर त्या पत्रालाच जोडून ठेवावे.